मशीन मारलेली रिम

आधी मोजायचं, मग सही करायची. वजन-मापे निरीक्षकाच्या नोकरीत शिकण्यासारखं एवढंच आहे, बाकी सगळा चहा. सत्तावीस वर्षं मी हे पाळलं. तराजू केसभर कलला तरी दुकानदाराला मी सही दिली नाही. मापात दोन थेंब कमी भरले म्हणून एका दूधवाल्याला मी तीनदा परत पाठवलं, आणि तो गृहस्थ आमच्याच घरी दूध घालत होता. त्यानंतर घालेनासा झाला, ते सोडा. असा मी कडक माणूस. आणि या कडक माणसाने आयुष्यात एकदाच, न मोजता, अंदाजपंचे आकडा ठोकून खाली सही केली, ती कुठे? तर पोटच्या पोरीच्या सायकलच्या ब्रेकवर!

सगळं सांगतोच. नाहीतर तुम्ही ते आमच्या हिच्याकडून, म्हणजे बायकोकडून ऐकाल, आणि ही सांगते त्यात मी फारच वाईट दिसतो.

कन्या आठवीत गेली आणि म्हणाली, आता बस नको, सायकल हवी. मैत्रिणी सगळ्या सायकलने जातात. मी म्हणालो, हात्तिच्या, मग विकत कशाला, माझी आहे ना! नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतलेली सायकल माळ्यावर पडून होती. सांगाडा अजून ठणठणीत, चाकांची मात्र गंजून चाळण झालेली. चाकं तेवढी नवी घालायची, ब्रेक लावायचे, एक हात रंग द्यायचा, की झालं. दोन रविवारांचं काम.

ही म्हणाली, "अहो, पोरगी रोज तो उतार उतरणार आहे. दुकानातून नवीच आणा."

एवढं एकदाच म्हणाली. पण पुढचे दोन आठवडे मला ते वाक्य घरभर ऐकू येत होतं, ही झोपलेली असतानासुद्धा.

उताराबद्दल सांगायला हवं. आमची इमारत टेकाडावर आहे. फाटकातून बाहेर पडलं की रस्ता जो खाली सुटतो तो थेट मोठ्या रस्त्याला जाऊन भिडतो. तिथे बस, ट्रक, टँकर, काय वाटेल ते भरधाव जात असतं. सिग्नल आहे, पण तो असून नसल्यासारखा. म्हणजे उताराच्या तळाशी सायकल थांबायलाच हवी. थांबली तर शाळा, नाही थांबली तर... मी हा विचार इथवर आणून सोडून द्यायचो. बायकोशी बोलतानाही सोडून द्यायचो.

चाकं मी एका मोडीत निघालेल्या दुकानातून आणली. काय चाकं होती! काळीभोर, गुळगुळीत, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा चकचकीत रंग. त्यात तोंड बघून भांग पाडावा. दुकानदार म्हणाला, "साहेब, परदेशी माल आहे." मी माप घेतलं, बरोबर भरलं. माप बरोबर भरलं की आमच्या डोक्यातला पुढचा सगळा कारखाना बंद होतो, हा या नोकरीचा दोष आहे.

मग ब्रेकचे रबर घ्यायला कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेशी त्यांचा संबंध नाही. पण कुणी पंक्चर घेऊन गेलं की आधी पंधरा मिनिटं शिकवतात, मग काढतात. म्हणून मास्तर. मला त्यांचं शिकवणं नको होतं. मी उभ्या उभ्या म्हणालो, "चार रबर द्या. चाकं नवी आणलीत, घरीच बसवतोय."

मास्तरांनी हातातलं काम खाली ठेवलं. "रिमला मशीन मारलंय ना?"

आता हा काय प्रश्न झाला? मला तर राग आला. मी काय कुणाच्या हातची ठोकून काढलेली चाकं आणणार? मी म्हणालो, "अहो मास्तर, आजकाल हाताने कोण बनवतं? सगळं मशीनवरच होतं!"

मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रबरांकडे बघितलं आणि रबर माझ्या हातात ठेवले. विषय तिथे संपला असं मला वाटलं. म्हणजे त्यांनी मला मराठीत विचारलं आणि मी त्यांना मराठीतच उत्तर दिलं, आणि तरी दोघांना एकमेकांचं अक्षर कळलं नाही. मराठी माणसाला मराठी कळत नाही ते असं.

तेवढ्यात शाळेतून फॉर्म आला. सायकलने येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी योग्यता दाखला. घंटी आहे का, दिवा आहे का, आणि मग तो रकाना: 'ब्रेक दाबल्यापासून सायकल पूर्ण थांबेपर्यंतचे अंतर, मीटरमध्ये.' खाली तपासणाऱ्याची सही आणि हुद्दा. मी खूश! आयुष्यात पहिल्यांदा शाळेने माझ्या लायकीचा प्रश्न विचारला होता. फक्त एकच अडचण होती. फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस शुक्रवार, आणि शुक्रवारी सकाळी सायकल गॅलरीत उलटी पडलेली होती. एका चाकाला ब्रेक नाही आणि दुसऱ्या ब्रेकला चाक नाही.

मी शाळेत फोन केला. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, "मुदतवाढीसाठी मुदतीच्या तीन दिवस आधी अर्ज करायचा असतो."

"पण मुदत आजच आहे."

"म्हणजे तीन दिवसांपूर्वी करायला हवा होता ना." त्यांचंही चुकलं असं म्हणता येईना. मी स्वतः लोकांना अगदी हेच सांगतो, याच आवाजात.

मागे कन्या दप्तर घेऊन उभी. "बाबा, झालं? आज नाही दिला तर पुढच्या सहामाहीत." डोळ्यांत पाणी यायच्या बेतात. मी पेन काढलं आणि लिहिलं: दीड मीटर. सही केली. हुद्दा, निरीक्षक. तिने फॉर्म वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे बघून हसली. ती गेल्यावर मी ग्लासभर पाणी प्यायलो आणि स्वतःला सांगितलं की रविवारी मोजीन आणि दीडच भरेल. नव्या चाकांना काय धाड भरलीय?

रविवारी चाकं बसवली, ब्रेक लावले. आवारात, सपाटीवर, कोरड्या फरशीवर, मी स्वतः बसलो आणि ब्रेक दाबला.

आवाज आधी आला. कुकरच्या चार शिट्ट्या एकदम व्हाव्यात तसा. सगळ्या मजल्यांवर खिडक्या उघडल्या. सायकल थांबली म्हणजे थांबली, पण तिला घाई नव्हती. साधारण पाच मीटर. त्यातला शेवटचा मीटर माझ्या बुटाने थांबवला. बायको वरून म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हणालो, "काही नाही, नवीन आहे, रुळेल!"

रुळेल. हा शब्द मी त्या आठवड्यात इतक्या वेळा म्हटला की तो औषधासारखा कडू लागायला लागला. कन्या सोमवारी सायकलने शाळेत गेली. मी ऑफिसला पोचल्या पोचल्या घरी फोन केला, "पोचली का?" ही म्हणाली, "पोचली असेलच, का?" मी म्हणालो, "काही नाही, सहज." साडेअकराला पुन्हा सहज. दुपारी तिसऱ्यांदा सहज फोन केला तेव्हा ही म्हणाली, "तुमची तब्येत बरी आहे ना?" समोर एक भुसार दुकानदार वजनं तपासायला घेऊन बसला होता. त्याचं पाच किलोचं वजन हातात धरून मी विचार करत होतो की एवढं ओझं दप्तरात घालून उतारावर सोडलं तर कुठे जाऊन थांबेल. तो बिचारा घाबरून म्हणाला, "साहेब, काही कमी आहे का?"

मंगळवारी सायकल बघितली तर रबरावर काळं माखलेलं आणि चाकाचा तो आरशासारखा रंग कडेने जागोजाग उडालेला. खाली अॅल्युमिनियम दिसत होतं, मध्ये काळा रंग, पुन्हा अॅल्युमिनियम. कुत्र्याला लूत लागल्यासारखं चाक. आणि ब्रेकही तसाच: उडालेल्या जागी धरायचा, रंग आला की सोडायचा. धर, सोड, धर, सोड. वर शिट्ट्या.

आता आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत. त्यांना चीफ म्हणतात, कारण तेच तसं म्हणवून घेतात. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. बिस्किटांच्या पुड्याला कागद लावण्यापलीकडे कुठल्या यंत्राशी त्यांचा संबंध आल्याचं ऐकिवात नाही. पण लिफ्ट अडली, पंप बसला, कुणाचं कानाचं यंत्र बिघडलं, की चीफ हजर. त्यांनी चाकावरून बोट फिरवलं, बोट नाकाजवळ नेलं आणि निदान केलं. "रंग. सगळा रंग उतरवा. पॉलिश पेपर घ्या, पाण्यात भिजवा, घासा. धातू उघडा पडला की ब्रेक असा धरेल की पोरगी हँडलवरून पुढे पडेल."

"पुढे पडेल?"

"म्हणजे तेवढा धरेल हो!"

मी घासलं. मंगळवारी संध्याकाळभर गॅलरीत बसून, दोन चाकं, चार कडा. नखं काळी झाली, पाठीचा कणा गेला. आणि बुधवारी सकाळी कळलं की माणसाचा हात म्हणजे मशीन नव्हे. कुठे जास्त घासलं गेलं, कुठे कमी. कडेला बोट लावलं तर लहान लहान खळगे लागत होते. चाक फिरवून ब्रेक दाबला की सायकल उचकी लागल्यासारखी जाई. आवाज तर दुप्पट झाला. शिट्टीत आता घोगरेपणा आला होता.

तरी कन्या गेली. मी म्हणालो, "आज बसने जातेस का? आभाळ आलंय."

"ऊन आहे बाबा."

"उन्हाचा त्रास होतो."

तिने दप्तर पाठीवर चढवलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही काळजी करू नका," आणि गेली. पोरीने बापाला असं सांगितलं की बापाने काय समजावं? मी त्या दिवशी ऑफिसात दोन तराजूंवर चुकीचे शिक्के मारले आणि दोन्ही दुकानदारांना परत बोलावलं.

गुरुवारी मला राहवेना. हिला सांगितलं फिरायला जातो, आणि सकाळी सातला मास्तरांच्या दुकानासमोर उभा राहिलो. मान खाली घातलेली. "मास्तर, ब्रेक धरत नाही."

"रिमला मशीन मारलंय म्हणालात ना?"

"म्हणजे काय असतं ते?"

तेव्हा मास्तरांनी शिकवलं. दुकानातलं एक साधं चाक काढलं आणि कडेने माझं बोट फिरवलं. दोन्ही बाजूंनी बोटभर रुंदीचा करकरीत सपाट पट्टा, त्यावर बारीक रेषा. "हे बघा. रिम झाली की कड मशीनवर धरून घासून काढतात, अगदी एका पातळीत. त्याला म्हणायचं मशीन मारलेली रिम. रबर या पट्ट्याला धरतो. तुम्ही आणलेली चाकं डिस्क ब्रेकची. त्यांचा ब्रेक मधल्या तबकडीला लागतो, कडेला लागतच नाही, म्हणून कडेला मशीन कशाला मारतील? वरून रंग फासून मोकळे. तुमचा रबर रंगाला धरायला बघतोय साहेब. रंग काय धरून ठेवणार?"

"मी पॉलिश पेपरने घासलं."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला नाही, पण हात तिथवर गेला होता. "हाताने पातळी येते का? आता तर आणखी वाईट. कोरडं असेल तर थोडंफार थांबेल. पाणी लागलं की काही खरं नाही. मशीन मारलेलं चाक आणून देतो, आठवडा लागेल. तोवर चालवू नका." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाटेत उतार आहे का?"

मी पळत होतो.

पन्नाशीच्या माणसाने रस्त्यातून पळू नये. लोक बाजूला होतात आणि मग मागे वळून बघतात, कोण पाठलाग करतंय ते. धापा टाकत फाटकात शिरलो तर सायकलच्या जागी सायकल नाही. तळमजल्यावरच्या मावशी झाडांना पाणी घालत होत्या. मावशी शिवणकाम करतात. स्वभाव इतका मदतीचा की भीती वाटते.

"मावशी, आमची कन्या गेली?"

"आत्ताच गेली हो. आणि आवाज बंद झाला की नाही? काल संध्याकाळी मीच केलं! म्हटलं, तुम्हाला वेळ होत नाही. पोरीची सायकल किती किंचाळते! चाकाला कडेने सगळीकडे छान मशीनचं तेल मारून ठेवलं."

"काय मारलं?"

"मशीनचं तेल! शिवणाच्या मशीनचं. हात फिरवून बघा, लोण्यासारखं झालंय."

रिमला मशीन मारलेलं नव्हतं, मशीनचं तेल मारलेलं होतं! मावशींना मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक आभार मानले असावेत, सवयीने. वरून चीफ ओरडले, "काय साहेब, धरला का ब्रेक?" आणि मी पुन्हा पळायला लागलो, या खेपेला उतारावरून खाली.

त्यात रस्ता ओला. वरच्या वळणावर पाण्याची वाहिनी फुटली होती, आणि दोन कामगार खड्ड्यात उतरून तिच्याशी बोलत असल्यासारखे बसले होते. सगळं पाणी उतारावरून वाहत होतं. एक चप्पल तिथेच गेली. माझ्या डोळ्यांसमोर तो फॉर्म होता. दीड मीटर. खाली सही, हुद्दा. सत्तावीस वर्षं लोकांची वजनं मोजली आणि स्वतःच्या पोरीच्या जिवाचं माप मी अंदाजाने लिहिलं. एका चुकलेल्या तारखेसाठी! तळाशी माणसं जमलेली दिसली. जवळ गेल्यावर कळलं, बसची रांग. पण तोवर मला रडू फुटलं होतं. उघड सांगतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

"बाबा?"

मी तिला मागे टाकून खाली आलो होतो. रस्त्याच्या कडेने, भिंतीला लागून, सायकल दोन्ही हातांनी धरून ती चालत खाली येत होती. दप्तर पाठीवर, वेणी जागच्या जागी, बूटसुद्धा कोरडे. पायात एक चप्पल घालून रडणारा बाप बघून तिचाच चेहरा उतरला.

"काय झालं? आई...?"

"तू चालत का येतेस?"

"मी रोजच चालत उतरते." तिने हँडल घट्ट धरलं. "सोमवारी फाटकाबाहेर ब्रेक दाबून बघितला. थांबत नव्हती. मग उतरले आणि चालत आले. खाली सपाटीवर बसते. पाच मिनिटं आधी निघते, एवढंच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतकं घासत होतात." मग हळूच, "आणि दीड मीटर तुम्ही मोजलंच नव्हतं ना?"

"कशावरून?"

"मोजलं असतंत तर एक मीटर सत्तेचाळीस सेंटिमीटर लिहिलं असतंत. दीड कधी लिहिलं असतंत का तुम्ही?"

माझ्या अख्ख्या नोकरीत एवढ्या कमी वेळात एवढी अचूक तपासणी कुणी केली नाही. मी म्हणालो, "चुकलं माझं, बाळा. मी ते खोटं लिहिलं. आज शाळेत येऊन खोडतो, आणि मास्तर चाकं बदलून देईपर्यंत तू बसने जायचंस." ती नुसती "बरं" म्हणाली आणि तिच्या रुमालाने माझा चष्मा पुसून दिला.

एवढ्यात मागून घंट्या वाजल्या. तिच्या मैत्रिणी, चौघी. चौघींच्या सायकली दुकानातल्या, नव्याकोऱ्या, ब्रेक एकदम चोख. आणि चौघीही सायकली हातात धरून, एकीमागे एक, ओल्या उतारावरून चालत येत होत्या. मला बघून जरा दबकल्या.

"काका, आम्ही चालतच येतोय हं," पुढची म्हणाली. "कोणी बसलं नाही."

मी कन्येकडे बघितलं. ती सायकलच्या घंटीचा स्क्रू बघत होती. मान वर करायला तयार नाही. पुढच्या मुलीनेच सांगून टाकलं, "हिने सांगितलंय आम्हाला, तुम्ही निरीक्षक आहात आणि तुमचा नियम आहे, उतारावर सायकलीवर बसायचं नाही. काका, पण हा नियम कुठे लिहिलाय?"

खरं सांगावं असं तोंडापर्यंत आलं. नियम वगैरे काही नाही पोरींनो, माझ्या सायकलला ब्रेक नाही, एवढंच. पण तेवढं म्हटलं असतं तर चौघी टपकन सायकलींवर बसल्या असत्या आणि त्या पाण्यावरून सुटल्या असत्या, खाली ट्रकांकडे. मी एक पाय ओला, एक कोरडा असा ताठ उभा राहिलो आणि दुकानदारांसाठी राखून ठेवलेला आवाज काढला.

"अजून लिहिलेला नाही. पण लागू आहे. चला."

मग मी कन्येच्या सायकलची सीट मागून घट्ट धरली आणि आम्ही सहा जण रांगेने खाली उतरलो. सत्तावीस वर्षं मी वरून आलेले नियम खाली पोचवले. माझ्या नावाचा असा हा एकच, आणि तोही माझ्या पोरीने, मला लाज वाटू नये म्हणून केलेला.